नैऋत्येची टाकी

मी, कांचन गुरुदत्त हळबे, वय सत्त्याहत्तर, निवृत्त डॉक्टर, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. ते तापलेलं आहे हे दाखल्यात नाही, म्हणून इथे लिहिते. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. बॉथेलचं घर आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा अनय याला. त्या घराच्या दिशा त्याने खुशाल तपासून घ्याव्यात.

२. दक्षिण फ्रान्समधल्या रोकसेश गावातलं आमचं दगडी घर अनयला मिळणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, विलमध्ये रीझन द्यायची गरज नसते." मला आहे.

रोकसेश चुनखडीच्या उजाड पठारावर आहे. पडलेला पाऊस भेगांतून थेट खालच्या दरीतल्या नदीला मिळतो, गावाला थेंब राहत नाही. म्हणून तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं छपराचं पाणी घराखालच्या टाकीत साठवलं. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची नावं चौकातल्या दगडावर कोरली आहेत, आज गावात तेवढी माणसंही नाहीत. उरलेले मेंढ्या पाळतात, चीजसाठी दूध घालतात आणि पावाची गाडी हॉर्न देत आली की चौकात जमून एकमेकांची उणीदुणी काढतात. आमच्या टाकीचा एक नळ रस्त्याच्या बाजूला होता. कोरड्या उन्हाळ्यात तो शेजाऱ्यांसाठी उघडा ठेवायचा, हा तिथला रिवाज. निवृत्तीनंतर आम्ही तिथे राहू लागलो तेव्हापासून गुरुदत्त त्याची देखभाल स्वतः करायचे.

तीन वर्षांपूर्वी ते त्याच घरात हृदयविकाराने गेले. पुढच्या वर्षी मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इथे पडून असताना अनय आणि सूनबाई चारुता तिकडे सुट्टीला गेले, पुण्यातल्या एका वास्तुसल्लागाराला व्हिडिओवर घर दाखवलं आणि टाकीत काँक्रीट ओतून ती बुजवून टाकली! मला कळलं ते नंतर, फोनवर.

"आई, नैऋत्येला वॉटर म्हणजे घरातल्या मोठ्यांना डायरेक्ट रिस्क. बाबांचं काय झालं बघितलंस ना? नेक्स्ट तू असतीस."

"अरे गाढवा, बाबांच्या तीन धमन्या बंद होत्या. रिपोर्ट मी वाचलाय."

"ते मेडिकल झालं, आई."

आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या बाईला हे ऐकवतो! कॅलिफोर्नियात बसून कंप्युटरला विचार करायला शिकवणारा माझा मुलगा!

गेल्या उन्हाळ्यात गावच्या पाणीपुरवठ्यावर निर्बंध आले. शेजारीण ओदेत सवयीने बादल्या घेऊन आमच्या नळाशी आली आणि रिकाम्या घेऊन परत गेली. तिला अर्ध्या मेंढ्या विकाव्या लागल्या. फोनवर तिने मला एवढंच विचारलं, "मादाम, आमचं काही चुकलं का?" 

३. म्हणून ते घर रोकसेशच्या ग्रामपंचायतीला. टाकी भरलेली आणि नळ उघडा राहिला पाहिजे, ही अट. काँक्रीट फोडायला माणसं मी लावली आहेत, त्याचा खर्च अनयच्या वाट्यातून वळता करावा. एक तुकडा वास्तुसल्लागारांना पार्सलने पाठवावा. तो कुठल्या दिशेला ठेवायचा ते त्यांनी पाहावं.

४. माझ्या पाटल्या चारुताला. तिने अनयला अडवलं नाही, हे मी विसरलेले नाही. पण सुट्टीहून परतल्यावर इथे येऊन राहून माझं सगळं तिनेच केलं, तेही विसरलेले नाही.

५. येत्या मेपासून मी रोकसेशच्या घरात राहणार आहे. तिथेच मेले तर तिथेच दहन करावं, अस्थी कुठेही फिरवू नयेत.

अनय, तू हे सगळं माझ्या जिवाच्या भीतीने केलंस, हे मला कळतं. त्याने माझा राग तिळभरही कमी होत नाही. मात्र त्या घरात मी गेले, तर वय झालं म्हणून गेले असेन. टाकीला दोष द्यायचा नाही. आणि आईला अडवायला हवं होतं म्हणून स्वतःला तर मुळीच द्यायचा नाही.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहून, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्यादेखत सही केली आहे.

कांचन गुरुदत्त हळबे

साक्षीदार: शिवांगी देवस्थळी, देवांग मोघे

बॉथेल, ९ मार्च २०२५