घटाखालचं बेअरिंग

पिंपरी पेंढार,
शुक्रवार, पाचवी माळ

ति. भरतदादास,

धाकट्या गोरखचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पाय पुण्यात आणि डोकं इथं, त्यामुळे कागदावरच ठेवतो.) वृषालीवहिनी बऱ्या असतील, तुझी कंबर आता दुखत नसेल आणि तुमच्या सोसायटीच्या लिफ्टचं काम एकदाचं उरकलं असेल अशी आशा करतो. तू रोज सकाळी ग्रुपवर देवीचा फोटो टाकतोस त्यावरून आईला तुझी खुशाली कळते आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघतो. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून झालं की ते वाक्य खोडून टाक.

बुधवारपासून तुला अकरा फोन केले. नऊ वाजून वाजून बंद झाले. एक वहिनींनी उचलला आणि तू मिटिंगमध्ये आहेस असं सांगितलं. एक तू स्वतः उचललास आणि पाच मिनिटांत करतो म्हणालास, ती पाच मिनिटं अजून चालू आहेत. गाडीबद्दल एक सरळ प्रश्न मेसेजवर विचारला, त्यावर तू अंगठा पाठवलास. प्रश्न 'कुठे' असा होता, दादा. 'कुठे' या प्रश्नाला अंगठा हे उत्तर नसतं. म्हणून हे पत्र टोमॅटोच्या पिकअपवाल्याजवळ देतोय. माल उतरवला की तो तुझ्या दारात येईल आणि तुझं वाचून होईपर्यंत तिथून हलणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

तर गाडी. म्हणजे तुझी जुनी राखाडी गाडी, जी चार वर्षांपूर्वी तू आबांना 'भेट' दिलीस. (सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग आहे हे मला नंतर कळलं. आबांना मी ते अजून सांगितलेलं नाही.) आबांनी तिला तेव्हा आईकडून ओवाळून घेतलं आणि गावातल्या प्रत्येकाला, थोरल्यानं बापाला गाडी दिली, हे दोन-दोनदा सांगितलं. धाकट्यानं त्यात डिझेल घातलं, टायर घातले, बॅटरी घातली, हे सांगण्यासारखं नसतं, ते मलाही कळतं. आषाढात आबा गोठ्यात घसरले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. तू दवाखान्यात येऊन गेलास, चाळीस मिनिटं होतास, आबा ती अजून मोजून सांगतात. डॉक्टर म्हणाले, सहा महिने जीपची पायरी चढायची नाही, मोटारसायकलवर बसायचं नाही. कारमध्ये पुढची सीट मागे सरकवून बसवा, तेवढं चालेल. इथपर्यंत सगळं बरं होतं, कारण कार होती.

आता पुढच्या गुरुवारी दसरा, यंदा एक माळ जास्त आहे. तुला आठवत असेल तर आठव, नाहीतर मी सांगतो. दसऱ्याचं सोनं ग्रामदैवताला वाहिलं की आबा आण्याला साळुआत्याकडे जातात आणि तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत. आत्याच्या लग्नापासून एक दसरा चुकलेला नाही. एकदा आण्याच्या घाटात एसटी बंद पडली तर उरलेला घाट चढून गेले होते. आत्या आता अंथरुणाला आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पानं हातानं चाचपते आणि म्हणते, गेणू आला. परवा तिच्या सुनेचा फोन होता. आत्या रोज दसऱ्याला किती दिवस राहिले विचारते, आणि सून म्हणाली, पुढच्या दसऱ्याचं काही सांगता येत नाही, भाऊ. मी भाड्याची गाडी ठरवतो म्हणालो, तर आबा भडकले. म्हणाले, "घरात थोरल्याची गाडी उबी आसताना मी भाड्याच्या गाडीतनं भनीच्या दारात उतरू व्हय? साळूला काय वाटंल, भरतचं आन् माजं बिनसलं?" तेव्हा तुझी आब्रू राखण्यासाठी तुझी गाडी चालू हवी, अशी सगळी गोष्ट आहे.

आणि नेमकं तिचं पुढचं डावं बेअरिंग गेलं. आधी नुसती गुणगुणायची, मग रडायला लागली, शेवटी मी ओढ्यापलीकडे असतानाच घरी जया, नवरा आला म्हणून, चहा ठेवायला लागली इतका आवाज. (उसातला बिबट्यासुद्धा त्या वाटेनं यायचा बंद झाला, तेवढा एक फायदा.) नारायणगावच्या ऋषी मेस्त्रीनं आपल्या अंगणात येऊन चाक खोललं, बेअरिंग उपटून माझ्या हातात दिलं आणि नवीन घेऊन या म्हणाला. आता तुला वाटेल दुकानात जायचं, बेअरिंग मागायचं, यायचं. मलाही तसंच वाटलं होतं. दुकानदारासमोर मी जुनं बेअरिंग पिशवीतून काढायला लागलो, तर तो म्हणाला, ते राहू द्या, मॉडेल सांगा. मॉडेल सांगितलं. त्यानं डोळे झाकून दिलेलं बेअरिंग, चाकाच्या मधोमध ते ज्यात बसतं त्या हबपेक्षा दोन मिलिमीटर मोठं निघालं. दुसऱ्यानं आरसी बुक मागितलं, साल बघितलं, मान डोलावली आणि पुण्याहून मागवून दिलं. ते हबात असं सैल बसलं की बोटानं फिरत होतं. तिसरा मंचरचा, लई जुना माणूस, त्यानं चेसिस नंबरसुद्धा लिहून घेतला आणि मला मागच्या चाकाचं दिलं. एकदा ग्रीसचं बोट लागलं की दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे आज आपल्या घरात तीन नवी कोरी बेअरिंगं आहेत आणि गाडी तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी आहे. सगळ्यांनी गाडीचं नाव, गाव, जन्मसाल विचारलं, लग्न ठरवायचं असल्यासारखं. चाकाकडे कुणी बघितलं नाही.

मग ऋषी बराच वेळ चाकाखाली डोकं घालून बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "भाऊ, ह्यो हब ह्या गाडीचा न्हाईच. कुनीतरी दुसऱ्याच मॉडेलचा बसावलाय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाशिक फाट्याजवळ डिव्हायडरला गाडी घासली होती ना तुझी? तू 'किरकोळ' म्हणाला होतास. ते किरकोळ माझ्या डाव्या चाकात बसलंय, दादा, आणि तू गाडी देताना त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. ऋषी म्हणाला, घाबरू नका, जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, ते घेऊन या, नंबरावरून बरोबर मिळेल.

मी घरात गेलो. पिशवी रिकामी. गोठा शोधला, डिझेलच्या पंपाची पेटी शोधली, कांद्याची चाळ शोधली. जयाला विचारलं, तिनं आईकडे बघितलं, आणि आईनं देवघराकडे. दादा, यंदा घटाची टोपली नवीन आणली आहे, तिचं बूड फुगीर आहे, माती भरली की डुगडुगते. आईला सोमवारी खाली ठेवायला काहीतरी गोल, जड आणि सपाट हवं होतं. तिनं माझं बेअरिंग चिंचेनं घासलं, हळदकुंकू लावलं, चुंबळीसारखं खाली ठेवलं, वर टोपली, टोपलीत माती, मातीत धान्य, त्यावर घट. नंबर वरच्या बाजूला, टोपलीच्या बुडाला चिकटलेला. आणि बसलेला घट दसऱ्याला सकाळी उठेपर्यंत तसूभरही हलवायचा नाही, हे तुलाही लहानपणापासून माहीत आहे.

मी आईपुढे तिन्ही नवी बेअरिंगं मांडली आणि म्हटलं, यातलं हवं ते घे, ही जास्त चकचकीत आहेत. ती म्हणाली, "तवा इचारायचं. आता देवी बसली." काल मी देवघरात पालथा पडलो, गाल जमिनीला लावला, मोबाईलचा दिवा लावून फटीतून नंबर दिसतो का बघत राहिलो. एक आकडा दिसला, तो सहा होता किंवा शून्य. तेवढ्यात शेजारच्या ठमाबाई आरतीला आल्या. त्यांनी मला तसं पडलेलं पाहून हात जोडले आणि बाहेर जाऊन सांगितलं की गोरखची भक्ती वाढलीय. आज तीन जणांनी मला जागरणाचं आमंत्रण दिलं. दसऱ्याला घट उठेल, बेअरिंग मोकळं होईल, पण तेव्हा दुकानं बंद, आणि खंडेनवमीला पूजलेल्या पान्ह्याला ऋषी दसऱ्याला हात लावत नाही. म्हणजे नंबर मिळेल त्या दिवशी गाडी मिळणार नाही.

मला राग बेअरिंगचा नाही. आबा रोज अंगणात काठी घेऊन सहा पावलं चालतात, जॅकवरच्या गाडीपाशी थांबतात आणि तिच्या टपावरची धूळ पुसतात. माझा हात धरून चालतात आणि तुझ्या गाडीची धूळ पुसतात. याचा मला राग येतो, आणि राग आला म्हणून मग माझीच लाज वाटते. असो.

आबांचा तुला आशीर्वाद. आई म्हणते, फराळाला काय आवडतं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
गोरख

ता. क. : हब बदललेल्या गॅरेजचं नाव किंवा बिल असेल तर पिकअपवाल्याजवळ दे. अंगठा देऊ नकोस.

ता. क. २ : बिल नाही सापडलं तर राहू दे. दसऱ्याची तुला सुट्टी असतेच. गुरुवारी दुपारी तीनपर्यंत तुझी नवीन गाडी घेऊन ये. तिची पुढची सीट बटणानं मागे सरकते असं तूच ग्रुपवर टाकलं होतंस. आबांना आण्याला ने. मी मागे बसेन किंवा घरीच थांबेन, माझं काही नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. ऋषीचा आत्ताच फोन आला. त्यानं नंबराचा नाद सोडून सरळ हबचं आणि एक्सलचं माप घेतलं, जे पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं, आणि त्या मापाचं बेअरिंग मंचरला मिळालं. उद्या बसतंय. मी त्याला सांगितलंय, बसव, अजून काम निघालंय असं आबांना सांगून नारायणगावला घेऊन जा, गाडी तुझ्याच शेडमध्ये ठेव आणि झाली म्हणून इकडे कुणाला बोलू नकोस. कारण काल आबांना विचारलं, गाडी झाली नाही तर काय करायचं. ते म्हणाले, "न्हाई झाली तर भरत येईल की." आणि सहाऐवजी नऊ पावलं चालले.

तर गाडी झालेली नाही, असंच तू धर. तीन वाजेपर्यंत तू आला नाहीस, तर साडेतीनला ऋषी ती दारात आणून लावेल. आत्याला सोनं मिळेल, काळजी करू नकोस. आणि आबांना मी सांगेन की भरतनंच पुण्याहून बेअरिंग पाठवलं. इतकी वर्षं असंच सांगत आलोय, त्यांचा विश्वास बसेल.