धूळ, दव आणि चिनी मातीच्या चकत्या

आबा, तुमच्या जुन्या सबस्टेशनवरची ड्यूटी संपवून आत्ताच घरी आले आणि लिहायला बसले.

लहानपणी मी विचारलं होतं, तारा ज्यांना टांगतात त्या चिनी मातीच्या चकत्यांना एवढ्या घड्या का? अमळनेरच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही चहाची बशी पालथी धरता, वरून बोट फिरवत कडेवरून आत नेता. "वीज अशी चकतीच्या अंगावरून सरपटत येते. वाट लांब केली की खांबापर्यंत पोचत नाही." तेवढ्यात मी ओल्या हाताने बटण दाबायला जाते आणि तुम्ही असे ओरडता, की आईच्या हातातला झारा पडतो.

तुमच्या वेळी सभोवती नुसती शेतं होती. आता एका अंगाला कापसाचं जिनिंग, दुसऱ्या अंगाला खडी क्रशर. चकत्यांवर राखाडी थर बसतो. कोरडा आहे तोवर निभतं. हिवाळ्यात पहाटे दव पडलं की तोच थर ओला होऊन विजेला वाट देतो. चकत्यांवरच्या वाटेची लांबी स्वच्छ हवेच्या हिशेबाने ठरलेली, हे मी वरच्या साहेबांना कितीदा सांगितलं. "नियमात बसतंय ना, मॅडम?" एवढंच उत्तर.

मागच्या महिन्यात धुक्यात चोपड्याच्या लाइनवर जाळ झाला, चकत्या फुटल्या आणि तार कपाशीत पडली. वेचणीच्या बायका अजून बांधावर चहा पीत होत्या. "आमनं नशीब, ताई," एक जण म्हणाली. मी दिवसभर लाइन बंद ठेवून उरलेल्या चकत्या धुवायला माणसं चढवली. दुपारी केळीवाले शेतकरी गेटवर आले. "ताई, केळी सुकी ऱ्हायनी. लाइट कवय ई?" एका म्हाताऱ्यांनी विचारलं. "संध्याकाळी, नाना," म्हटलं. ते गेटपाशीच बसून राहिले. साहेबांचा फोन आला, "कोणाला विचारून बंद केलं?" मी म्हटलं, "तार पडली तिथे या, मग बोलू." ते आले. त्या बायकांशी बोलले आणि मान खाली घालून गेले.

आज लांब वाटेच्या नव्या चकत्यांना मंजुरी मिळाली, तीही चोपड्याच्या एकाच लाइनला. ऑफिसात पेढे वाटले, जुन्या लोकांनी तुमची आठवण काढली.

हे पत्र कुठेच पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मंजुरीचा फोन आला तेव्हा मला आनंद झाला नाही, आबा. बाकीच्या लाइनींसाठी पुन्हा भांडायचं, एवढंच मनात आलं, आणि खुर्चीतून उठवेना.