काचेवरची सालपापडी

प्रिय आईस, तुझ्या आनंदराजचा जयभीम.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होते. तुला विजेची भीती वाटते, म्हणून सांगतो. इथे बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत वीज वाहून नेणारे प्लॅस्टिक बनवतात, पण ती वीज इतकी थोडी असते की हाताला कळतही नाही.

त्या प्लॅस्टिकची निळी शाई काचेवर पातळ पसरून सुकवायचे काम माझ्याकडे आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणतात, सावकाश सुकली तर तिच्यातल्या रेणूंच्या साखळ्या नीट ओळीने बसतात आणि वीज चांगली वाहते. म्हणून वर भांडे पालथे घालतो. तेव्हा आपल्या बिलोलीच्या घरी तू वाळवायचीस त्या तांदळाच्या पातळ सालपापड्या आठवतात. मी पंखा लावायला गेलो की तू ओरडायचीस, "राहू दे रं, घाई केली की तडकती!"

काल माझ्या हातचा एक थर तडकला. मला पुढे कामावर ठेवायचे का, हे याच महिन्यात ठरणार आहे. आता भांड्याजवळ मी मोठा श्वाससुद्धा घेत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटी लुंबिनी अभ्यास करते का?

तडकलेली पापडी तू माझ्या हातावर ठेवायचीस. इथे तडकलेले सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतात. या उन्हाळ्यात माझ्या वाटणीची तुटकी पापडी काढून ठेव.

तुझाच,
आनंदराज