बिनआवाजाचं विमान

३ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प. बाबांचं रिमोटचं विमान इलेक्ट्रिक करणार. इंजिन काढायचं, मोटर बसवायची, बॅटरी जोडायची. तीन दिवसांचं काम. २५ ला, रविवारी, त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. ते दर रविवारी विमान उडवतात, त्या मैदानावर सगळ्यांसमोर भेट देणार. हाताशी बावीस दिवस. उरलेल्या एकोणीस दिवसांत पोट कमी करणार.

४ फेब्रुवारी
सरप्राइज फुटलं. इंजिनाचा स्क्रू फिरवत होतो, तर बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "उलटा पिळतोयस, आटे जातील." चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, त्यांना स्क्रूसुद्धा ऐकू येतो. सांगून टाकलं. म्हटलं, आता धूर नाही, शर्टावर तेल नाही, सुरू करायला अर्धा तास खटपट नाही. "आणि आवाज?" म्हणाले. डासाएवढाही नाही, मी अभिमानानं सांगितलं. मग म्हणाले, "बरं, कर." म्हाताऱ्या माणसांना नव्याची भीती वाटते. समजून घ्यावं लागतं. मी घेतो.

९ फेब्रुवारी
मोटर फिरली. उलटी. तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की सुलटी फिरते. मला ठाऊकच होतं, दुकानदारानं फोनवर नुसता दुजोरा दिला. चौथ्या फोनला.
बाबा रोज संध्याकाळी शेजारी स्टुलावर येऊन बसतात. मोटरमध्ये रस वाटू लागलाय.

१३ फेब्रुवारी
विमान शेपटीकडे झुकतंय. मोटर इंजिनापेक्षा हलकी, म्हणून बॅटरी पुढे सरकवायला हवी. नाकाच्या आतलं लाकूड थोडं कोरलं. थोडं जास्त. बाबांनी बोट फिरवून भेग दाखवली. मला दिसलीच नव्हती! म्हटलं, बाबा, तुमची नजर अजून विशीतली. हसले. बराच वेळ हसत होते.

१६ फेब्रुवारी
बायको म्हणते, बाबा चहा ओतताना कपात बोट धरतात, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. म्हटलं, टर्नर आहेत, माप घेत असतील. "उकळत्या चहाचं?" म्हणाली. मार्चमध्ये नेतो. एका वेळी एकच प्रोजेक्ट, हे माझं तत्त्व. पोटाचं कामही त्यामुळेच थांबवलंय.

२० फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, जुनं इंजिन कुठं ठेवलंस? सांगितलं, भंगारवाल्याला दिलं. मागे वळून बघायचंच नाही. "बरं," म्हणाले. जेवण नको म्हणाले. ऊन लागलं असणार.

२३ फेब्रुवारी
टेबलावरची चाचणी यशस्वी. आठ मिनिटं. प्रॉपेलरमध्ये पडदा गेला नसता तर आणखी चालली असती. बायकोचं बोलणं बंद आहे.
मैदानावर मी सहा वर्षांनी जाणार. रविवारी आठवड्याची झोप भरून काढावी लागते, त्यामुळे जमलं नाही.

२५ फेब्रुवारी, दुपार
मैदानावर पाच-सहा जण होते. बाबांचे जुने दोस्त, घड्याळं दुरुस्त करतात म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात, त्यांनी विमान हातात घेतलं आणि मला विचारलं, "इंजिन कुठंय?" मग बाबांकडे बघितलं. बाबांनी नुसती मान हलवली.
विमान सुरेख उडालं. टाळ्या मीच सुरू केल्या. बाबा रिमोट धरून, मान तिरकी करून उभे होते, फोनवर नीट ऐकू येत नसलं की उभे राहतात तसे. विमान उजवीकडे गेलं. बाबांचं तोंड डावीकडे. वाटलं, गंमत करतायत. घड्याळजी म्हणाले, "उजवीकडे, उजवीकडे." बाबांनी वळवलं, पण भलतीकडेच. विमान झाडांपलीकडे गेलं, ते पुन्हा दिसलंच नाही. घड्याळजींचा आवाज बंद झाला.
बाबांचे अंगठे रिमोटवर चालूच होते. अलगद, जपून. मला म्हणाले, "कसं चाललंय रे?"
तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. मोकळ्या आभाळात ते काहीतरी शोधत होते.
"मस्त चाललंय," म्हटलं.
"उतरवू?"
"उतरवा."
त्यांनी सावकाश वेग कमी केला. "टेकलं?"
"टेकलं, बाबा."


२६ फेब्रुवारी
घड्याळजींच्या दुकानात गेलो. म्हणाले, "दोन वर्षं तो कानानं उडवतोय. आवाज जाड झाला की जवळ, बारीक झाला की लांब. मी फक्त झाडं कुठं आहेत ते सांगायचो." मग बाबांनी मला अडवलं का नाही, विचारलं. भिंग खाली ठेवून म्हणाले, "मीही त्याला हेच विचारलं. तर म्हणाला, पोरगा रोज दोन-दोन तास शेजारी बसतोय. विमानाचं काय एवढं!"
घरी आलो. बाबा म्हणाले, "काल खोटं चांगलं बोललास. फक्त चाकं वाजली नाहीत."

२७ फेब्रुवारी
डोळ्यांचा दवाखाना. डॉक्टर म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती सांभाळू. वेळेवर आणलं असतं तर बरीच वाचली असती. कधीपासून दिसत नाही, असं त्यांनी विचारलं. "दोन-अडीच वर्षं झाली," बाबा म्हणाले.
डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "यांच्याबरोबर घरात कोण असतं?"
मी हात वर केला.