पायांना जप

प्रिय धाकटे,

तू हजला निघालीस हे अम्मीकडून कळलं. सांगताना ती दाराकडे सरकून उभी होती, जणू मी हातातली कात्री फेकून मारणार. मी एवढंच विचारलं, चपला घेतल्या का. ती म्हणाली, नव्याकोऱ्या, फार छान आहेत. म्हणून लिहायला बसले. नव्या चपला घालून जाऊ नकोस. आत्तापासून घरात, जिन्यावर, बाजारात वापरून मऊ कर, आणि एक माप मोठी असू दे. तिथे चालून चालून पाय सुजतात. तुझे तर आधीच बदकाचे, अब्बा चिडवायचे ते आठवतंय ना?

बायकांना वेगळा पोशाख लागत नाही. साधे सैल सुती कपडे पुरतात, फक्त चेहरा उघडा हवा. पण एकदा एहरामची, म्हणजे हजच्या व्रताची, नियत केली की अत्तर बंद, वासाचा साबणसुद्धा बंद. तुझं अत्तराशिवाय पान हलत नाही, तेव्हा बिनवासाचा साबण इथूनच घे. शेवटी केसांची टोकं कापायला लागणारी कात्री मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या पिशवीत सापडली तर विमानतळावर काढून घेतात. मांड्या घासून सोलवटतात, त्याला बिनवासाचं मलम लाव. पाणी तहान लागायची वाट न बघता पी. स्वच्छतागृहाच्या रांगेला भिऊन बायका पाणी टाळतात आणि मग चक्कर येऊन पडतात.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. तू त्याला दाजी म्हणायचीस तेव्हापासून मी त्याला ओळखते. तो पुढे चालतो आणि मागे वळून बघत नाही. त्याच्या भरवशावर राहू नकोस. तंबूचा नंबर आणि गटप्रमुखाचा फोन गळ्यातल्या कार्डावर लिहून ठेव, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरव. आमच्या हजला आम्ही ठरवलं नव्हतं. सैतानाला खडे मारून परतताना गर्दीचा लोंढा आला, माझ्या चपलेचा पट्टा तुटला, मी वाकले आणि वर बघते तर तो नाही. चप्पल गेली, छत्री त्याच्याकडे, फोनही त्याच्याकडे. तापल्या रस्त्यावरून अनवाणी हिंडत राहिले. एका अनोळखी म्हातारीने आपल्या पिशव्या माझ्या पायांना बांधल्या, स्वयंसेवकांनी तंबूत पोचवलं. तो जेवून आडवा झाला होता. म्हणाला, मला वाटलं तू मागेच आहेस.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तळव्यांची सालं निघाली होती. मला चाकांच्या खुर्चीत बसवून घरी आणलं आणि तू कपड्यांची पिशवी घेऊन राहायला आलीस. रोज कोमट पाण्याने जखमा धुवायचीस, फुंकर घालून मलम लावायचीस. शेजारणी म्हणायच्या, बहीण असावी तर अशी. मीही म्हणायचे. एका दुपारी तुम्ही दोघं स्वयंपाकघरात हसलात. पाय टेकवत नव्हते, म्हणून मी रांगत दारापर्यंत गेले. माझ्या ओढणीने तो तुझे ओले हात पुसत होता, एकेक बोट. मी तशीच रांगत पलंगावर परतले. थोड्या वेळाने तू दूध घेऊन आलीस आणि म्हणालीस, आपा, आज पाय बरेच सुधारलेत.

पाय खरंच सुधारले. मी चालायला लागले तशी त्याने तलाक दिला, तलाकनंतरची माझी इद्दतची मुदत संपली आणि तुमचा निकाह झाला. मी पुन्हा कारखान्यात कापड बेतायला उभी राहते. संध्याकाळी तळवे पेटतात. मालकीण स्टूल देते, मी बसत नाही.

काल तुझा निरोप फोनवर आला. कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा, हजला निघाले आहे. तोच निरोप दूधवाल्याला गेला, शिंप्याला गेला, अम्मीच्या डॉक्टरांनाही गेला. निदान मला वेगळा पाठवायचास. आमचे गटप्रमुख सांगायचे, अल्लाहचा अपराध अल्लाह माफ करेल, माणसाचा अपराध माणसालाच माफ करावा लागतो. तर ऐक, मी माफ केलेलं नाही. तू कळत केलंस, नकळत काहीच नाही. काब्याभोवती फिरताना हे लक्षात असू दे. आणि अम्मी म्हणते, तिथे ज्याला मरण येतं तो सगळ्यातून सुटतो. खरं-खोटं तिलाच माहीत, पण तुझ्या बाबतीत मला ती शक्यताही नको. एवढं सगळं बारीकसारीक मी त्यासाठीच लिहिलं. तू धडधाकट परत यायचंस, समोरच्या गल्लीत म्हातारी होईपर्यंत राहायचंस, आणि रोज दार उघडलंस की तुला मी दिसायला हवी.

तुझ्या परतीची वाट बघणारी,
तुझीच
आपा