तपासणीच्या सकाळची गोळी

मंगळवार, १२ मार्च, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तू वरच्या मजल्यावर, मी खाली. भेटायला बंदी, आणि फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून सिस्टरच्या हाती ही चिठ्ठी. जेवलीस का? माझे डोळे आता पिवळेजर्द झालेत. आरशात बघणं सोडलंय.

आत्ताच भूल देणाऱ्या डॉक्टरबाई येऊन गेल्या. उद्या आधी तुला आत नेणार, मग मला. तुझ्या यकृताचा तुकडा मला जोडून रक्त सोडलं, की ते गार रक्त एकदम हृदयावर येतं. म्हणाल्या, "ती पाच मिनिटं तुमच्या हृदयाला झेपायला हवीत, काका. जिना चढताना छातीत दुखतं का?"

मी म्हटलं, "छे हो!"

ठमे, दुखतं गं. तीन महिने झाले. जिन्याच्या वळणावर थांबतो आणि चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करतो. तुझी वहिनीसुद्धा फसली.

आणि ठोके वाढवून हृदय तपासतात ना, त्या तपासणीच्या सकाळी माझी रोजची ठोके मंद करणारी गोळी घेऊ नका, असं बजावलं होतं. मी घेतली. म्हटलं, हृदय शहाण्यासारखं वागेल, रिपोर्ट चांगला येईल. ठोके वाढलेच नाहीत, मग खोट दिसणार कशी? गोळी घेतली नाही, असं ठोकून दिलं. तेव्हा वाटलं, काय हुशारी केली!

आता कळतंय, काय करून बसलोय. तुझं पोट फाडून काढलेला तुकडा माझ्यात पाच मिनिटंही जगला नाही तर? आणि खरं सांगावं तर उद्याचं रद्द होईल. माझ्याकडे फार दिवस नाहीत, हे तुलाही माहीत आहे.

वाचून फाडून टाक.

तुझा भित्रा दादा


मंगळवार, संध्याकाळ

दादा,

फाडली नाही. तडक डॉक्टरबाईंना नेऊन दिली. गाढवा, अरे, माझ्याशी तरी खरं बोलायचंस!

उद्याचं रद्द. आधी तुझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासणार, अडथळा असला तर मोकळा करणार, मग पुढचं. मी विचारलं, "तोवर दादा टिकेल?" म्हणाल्या, "सांगता येत नाही."

ते मला चिठ्ठी देतानाच ठाऊक होतं. तरी दिली. तुला काही झालं तर ते माझ्यामुळे, हे मी वहिनीलाही सांगून आले.

मी घरी जात नाहीये. तू बरा होईपर्यंत, नाहीतर मला कोणी खाली बोलवेपर्यंत, इथेच बसून आहे.

तुझीच,
ठमी