खातं एकटीच्या नावाचं

१२ एप्रिल, शुक्रवार
जर्मनीतल्या बँकेचा मेल आला. सोमवारी दुपारी अडीचला व्हिडिओ कॉल. अडीच म्हणजे आपले अडीच, त्यांचे नव्हेत. पुन्हा पुन्हा तपासलं. पासपोर्ट हातात धरून बसायचं, ते तोंड बघणार, प्रश्न विचारणार, मग खातं उघडणार. खात्यात वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवल्याशिवाय व्हिसा नाही. व्हिसाची मुलाखत १४ मे. ती चुकली की तिथलं हॉस्पिटल दुसरी नर्स बघणार. तसं त्यांनी गोड शब्दांत कळवलंच आहे.

अंबाजोगाईला इतकी वर्षं कॅज्युअल्टीत काढली, रात्री-अपरात्री काय काय बघितलं. आणि हा एक मेल सकाळपासून उघडतेय, मिटतेय.

शबानाला विचारलं. आमच्याच वॉर्डातली, गेल्या वर्षी तिकडे गेली. म्हणाली, "कुछ नहीं गे, पाँच मिनट का काम." तिला पाच मिनिटं. तिला सासरे नाहीत.

१४ एप्रिल, रविवार
अंबाजोगाईहून गावी आले. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, कॉलचं सांगायला नको होतं. मामांनी सकाळीच टोपी धुवून वाळत घातली. "परदेशातला साहेब घरी येतोय मनल्यावर बनेनवर बसावं का?"
साहेब घरी नाही येत मामा, मोबाइलवर येतो.
"येतो तर खरं. बगतो तर खरं."

पैसे मामांच्या पासबुकात आहेत. या घरात सगळ्यांचेच तिथे असतात. चूल एक, पासबुक एक, हे मामा पाहुण्यांना अजून छाती काढून सांगतात. फाल्गुनात तिन्ही म्हशी विकल्या त्याचे, आधीच्या दुधाच्या बिलांचे, नवऱ्याच्या, नागेशच्या पगाराचे आणि माझ्या पगाराचे. माझा पगार माझ्या खात्यात पाहुण्यासारखा एक रात्र मुक्काम करतो, दुसऱ्या दिवशी नागेश तो मामांकडे पोचवतो. लग्न झाल्यापासून असंच. कधी वाईट वाटलं नव्हतं. वाटलं असेल तर लक्ष दिलं नव्हतं.

गोठा रिकामा. सासूबाई, आमच्या आत्याबाई, तरी पहाटे उठून तिकडे जातात, उभ्या राहतात, परत येतात.

१५ एप्रिल, सोमवार
फजिती झाली. लिहवत नाही, तरी लिहिते.

अडीचला नेमका टँकर आला. गल्लीभर बोंबाबोंब. नागेश पाइप धरायला पळाला. मी दार लावून आतल्या खोलीत. मामाही आत, इस्त्रीचा सदरा घालून, हातात दूध सोसायटीचा दाखला. ते सोसायटीचे जुने चेअरमन, दाखल्याशिवाय बसतील कसे.

पडद्यावर माझ्याच वयाची बाई. पहिलाच प्रश्न, खोलीत एकट्याच आहात ना? म्हटलं, सासरे आहेत. म्हणाली, त्यांना बाहेर जायला सांगा.

कसं सांगायचं? या माणसाला मी आजवर 'जरा सरका' म्हटलेलं नाही. म्हटलं, ते लांब बसलेत. तेवढ्यात मामा खुर्ची ओढून कॅमेऱ्यात. "नमस्कार मॅडम. हमारी बहू है ये. पैसा बी हमाराच है. हम बोले तब खाता खोल रही. तुम फिकर मत करो."

ती म्हणाली, काय म्हणतायत? मी शब्द न शब्द सांगितला. त्यात काही वावगं आहे हे डोक्यातच आलं नाही. दवाखान्यात, कचेरीत, सोयरिकीत घरातला मोठा माणूस असाच पुढे होतो, जबाबदारी अंगावर घेतो. मग तिनं विचारलं, पैसे कुणाचे? म्हटलं, आमचे. वापरणार कोण? म्हटलं, घरचे ठरवतील.

तिनं काहीतरी टाइप केलं, आभार मानले, पडदा काळा.

मामा खूश. "बगितलं का? आमी बोललो तर कसं चटदिशी उरकलं!"

१७ एप्रिल, बुधवार
नामंजूर. अर्जदार दुसऱ्याच्या सांगण्यावरून, दुसऱ्याच्या पैशासाठी खातं उघडत असावी असा संशय. आणखी एकदा कॉल घेता येईल. एकदाच.

ड्यूटीवर होते. बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, आठ नंबरची सलाइन बदलली.

शबानाचा आवाजी मेसेज: "अगे येडी, 'हमारे' काय को बोली? उधर ठग लोग दुसऱ्याच्या नावानं खाते खोलते. 'मेरे' बोल. कोई पूछा तो 'मेरे'च बोल."

नागेशला फोन केला. म्हणाला, "आण्णांला कोण सांगणार? तू बघ." लग्नात मंगलाष्टकं म्हणत होते तेव्हाही हा मनात 'तू बघ'च म्हणत असावा. चांगला आहे, पण बापासमोर पार भिजलेलं मांजर.

२० एप्रिल, शनिवार
आरशासमोर सराव. इट इज माय मनी. पहिल्यांदा म्हटलं तर चोरी करताना पकडल्यासारखं तोंड झालं. दुसऱ्यांदा हसू आलं. रूमवरची मुलगी म्हणाली, ताई, नाटकात आहात का?

कॉल शुक्रवारी. अंबाजोगाईतच उरकावा, घरी कळवूच नये असंही मनात येतं. पण खातं उघडलं तरी पैसे मामांच्याच पासबुकातून निघणार. म्हणजे सांगावंच...

२३ एप्रिल, मंगळवार
रजा टाकून घरी आले आणि सांगितलं. मामा ओट्यावर सुपारी कातरत होते.
"मामा, बँकेनं न्हाई मनलं."
"कावून?"
"तुमी बोललात मनून."
अडकित्ता थांबला. "मी घरातला कर्ता. मी न्हाई बोलायचं तर मग कुनी?"
"मी एकटीनं. दार लावून. अन् पैसे माझे हायत, मी एकटीच वापरनार, आसं सांगावं लागतंय."

आत्याबाईंनी आतून डोकावून पाहिलं. नागेश चप्पल शोधायला लागला, ती पायातच होती. वाटलं, आता ओरडतील, आता म्हणतील राहू दे ते जर्मनी.

मामांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मंग मन की. येवढं एक खोटं बोलायला काय लागतंय? घरासाटी बोललेलं खोटं कुनी धरत न्हाई."

इतक्या सहज. मी सुटल्यासारखी आत गेले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि मग कळलं. खोटं?

माझ्या नाइट ड्यूट्या खोट्या? तीन उन्हाळे रजेला येऊन म्हशींच्या धारा मी आणि आत्याबाईंनी काढल्या, ते खोटं? खूप राग आला. मामांचा आला आणि स्वतःचाही, कारण आरशासमोर मीही ते खोटं समजूनच घोकत होते.

२६ एप्रिल, शुक्रवार
झालं. काय झालं ते कळायला चार दिवस.

जागा मामांनीच सुचवली. चौसाळ्यात सोसायटीचं ऑफिस. "दूधच न्हाई, कोन येतंय तितं?" जुनी किल्ली त्यांच्याकडे अजून आहे. पांढरी भिंत, पालथ्या घातलेल्या दुधाच्या कॅना, नेट चांगलं. मामा बाहेर पायरीवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हळूच दटावत होते, "आत साहेब हाय." मला बंद दारातून सगळं ऐकू येत होतं. वाटलं, याही कॉलला कॅमेऱ्यात येतील.

या वेळी म्हातारा माणूस, चष्म्यातून बघणारा.
एकट्या आहात? हो.
पैसे कुणाचे?
माझे.
कुठून आले? पगारातून आणि जनावरांच्या दुधातून. धार काढून दाखवू का, असं ओठावर आलं होतं, गिळलं.
खात्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला दिला आहे? नाही.
देणार आहात? नाही.
एकदाही अडखळले नाही. मलाच नवल वाटलं.

बाहेर आले. मामा उठले. "मनलीस का खोटं?"
"मनले."
मोठ्यानं हसले, डोक्यावर हात ठेवला, रसवंतीवर नेऊन रस पाजला. मी अर्धा ग्लास तसाच ठेवला. आत मी एकही खोटं बोलले नव्हते. खोटं बोलले ते बाहेर येऊन, त्या पायरीवर. असं लिहायला बरं वाटतं, पण मामा इतके खूश होते की लाज वाटली.

३० एप्रिल, मंगळवार
खातं उघडलं!! मेलवर फक्त माझं नाव. मामांनी नागेशला मोठ्यानं वाचायला लावलं. "आमचं नाव कुटं हाय?" नागेश म्हणाला, नाही आण्णा, एकटीचंच असतं. "आसू दे, आसू दे." कागद छापून आणून देव्हाऱ्यात ठेवला, कुंकू लावलं. आत्याबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

आता पैसे. मामांच्या पासबुकातून माझ्या इथल्या खात्यात, तिथून जर्मनीला. पोचायला आठवडा तरी धरा म्हणतात. पैसे काढायच्या स्लिपवर मामांची सही हवी. स्लिप त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. "करतो उद्या."

२ मे, गुरुवार
काल सुटी म्हणून बँक बंद. आज मामा लग्नाला गेवराईला. स्लिप खिशातच गेली. सदरा दोरीवर दिसेल म्हणून बघायला गेले, तर तोच घालून गेलेले. १४ तारीख डोळ्यासमोरून हलत नाही. नागेश म्हणतो, करतील गं. जेवण नाही.

३ मे, शुक्रवार
सकाळी चहाच्या वेळी मामांनी स्वतःच स्लिप काढली. पेन मागितलं. मला इतकं हायसं वाटलं की दूध उतू जाता जाता वाचलं. त्यांनी सावकाश तारीख घातली, रक्कम लिहिली, ती अक्षरांत लिहिली. सहीच्या जागी पेन टेकवलं आणि मान वर केली.

"त्या खात्याचा पासवर्ड कुनापाशी हाय गं?"
"माझ्यापाशी."
"बरं."
पेन तिथंच टेकलेलं, सही नाही. आवाजात राग नव्हता, काळजीच होती. घरातली कपाटाची किल्लीसुद्धा दोघांकडे असते.

"अन् आनिक कुनापाशी?"

नागेश कपात बघत होता. मी चहा गाळत राहिले.